साक्ष दिल्यावर तो पुन्हा प्यायला, म्हणजे विश्वास कमी पडला का?

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगते. नवरा चाळिशीचा, नगर जिल्ह्यातला, बारा-तेरा वर्षं पितोय. गेल्या वर्षी उपास-प्रार्थनेच्या सभेत पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि त्या दिवसापासून दारू बंद झाली. दीड महिन्यात त्यानं मंडळीपुढे माइकवर साक्ष दिली, म्हणजे देवानं आपल्याला कसं सोडवलं ते सांगितलं, सगळे रडले. चौथ्या महिन्यात परत सुरू. आता मंडळीतले म्हणतात, ‘विश्वास कमी पडला.’ पाळकसाहेब म्हणतात, सहा महिने एका ख्रिस्ती आश्रमात ठेवा, तिथं गोळ्या-बिळ्या नाहीत, फक्त वचन आणि प्रार्थना. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, आधी ॲडमिट करा. आणि तुम्ही विचारताय, ‘देवावर सोडू की डॉक्टरवर?’

मी वसईची, कॅथलिक. एकवीस वर्षं व्यसनी माणसं आणि त्यांच्या घरच्यांबरोबर समुपदेशक म्हणून काम करतेय. अर्धा आठवडा हॉस्पिटलात जातो, अर्धा चर्चच्या आवारातल्या एका खोलीत. डॉक्टरांना वाटतं मी नुसत्या प्रार्थना करवून घेते, काही धर्मगुरूंना वाटतं मी गोळ्यांची एजंट आहे. दोन्ही बाजूंचं ऐकायची सवय झालीय, तेव्हा तुम्हीही निवांत ऐका.

देव की डॉक्टर हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. तुमच्या मजकुरात खाली एक वाक्य सहज आल्यासारखं आलंय: ‘आता तो रविवारी उपासनेला यायला तयार नाही, लोक बघतात म्हणतो.’ मला सगळ्यात जास्त काळजी त्या वाक्याची वाटली. दारू परत सुरू होणं हे दुखणं आहे, त्याला इलाज आहेत. पण ज्या एका ठिकाणी हा माणूस मान वर करून बसत होता, तिथंच आता त्याला तोंड दाखवता येत नाही. म्हणजे विश्वासाचा आधार त्याला ज्या वेळी लागणार, नेमका त्याच वेळी तो तिथून तुटला. आपल्याला जोडायचंय ते हे. पण त्याआधी एक काम आहे आणि ते तातडीचं आहे.

मी त्याला पाहिलेलं नाही. त्यामुळे पुढचं बरंचसं ‘तर’वर अवलंबून आहे. रोज किती घेतो? देशी की इंग्लिश, हा प्रश्न नाही, किती आणि किती वाजल्यापासून, हा आहे. सकाळी उठल्या उठल्या उतारा लागतो का? आधी कधी दारू बंद केल्यावर फिट आली होती का, की भास झाले होते? कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी? डोकं जाग्यावर असताना मरायच्या गोष्टी करतो का? हात उगारतो का? आणि शेवटचं, ज्याबद्दल कुणी विचारत नाही: विश्वास त्याचा स्वतःचा आहे, की तुमच्याकडून उसना घेतलेला? बायकोच्या समाधानासाठी सभेला बसणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्यासाठी चर्चचा कार्यक्रम म्हणजे आणखी एक सासुरवाड.

आता तातडीचं. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद केली की शरीर बिथरतं. पहिल्या सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना ते होतं ज्याला डॉक्टर ‘डीटी’ म्हणतात: ताप, छातीत धडधड, वेळकाळाचं भान सुटणं, भिंतीवर मुंग्या दिसणं, मेलेल्या बापाशी बोलणं. यात माणूस दगावू शकतो. ख्रिस्त तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला, म्हणून आपण ख्रिस्ती लोक तिसऱ्या दिवसाला आशेचा दिवस मानतो. आमच्या कामात मात्र तिसऱ्या दिवशी मी फोन उशाशी घेऊन झोपते.

हे एवढं फोडून सांगण्याचं कारण आहे. खोलीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून ‘तो बघ, तो न्यायला आलाय’ असं ओरडणारा माणूस पाहिला की घरच्यांना वाटतं, दारूचा आत्मा बाहेर निघतोय. मग पाळकसाहेबांना बोलावणं जातं, चौघं त्याला धरून बसतात, रात्रभर मोठ्यानं प्रार्थना चालते. प्रार्थनेला माझी हरकत नाही, मीही करते. पण ती ॲम्ब्युलन्समध्ये बसूनही करता येते. एका आश्रमात, नाव घेत नाही, माझ्याकडच्या एका मुलाच्या फिटच्या गोळ्या पहिल्याच संध्याकाळी काढून घेतल्या होत्या, ‘इथं प्रभू बरं करतो’ म्हणून. तिसऱ्या रात्री त्याला फिट आली आणि तो बाथरूममध्ये पडला. वाचला. पुढचे दोन दात नाहीत त्याचे, आणि चर्चच्या पायरीवर तो आजतागायत चढलेला नाही. नुकसान कुणाचं झालं, सांगा.

घरी कंपाउंडर बोलावून सलाइन लावण्याचाही मोह नको. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व फार कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला धक्का बसू शकतो. हे काम डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हायला हवं, आणि बहुतेकांना त्यासाठी आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यापुरतं तालुक्याच्या डॉक्टरांचं ऐका. यात विश्वासाचा अपमान नाही. पाळकसाहेबांनी काही म्हटलंच तर एलीयाची गोष्ट काढा. ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणून तो झाडाखाली आडवा पडतो. देवदूत येऊन त्याला उपदेश करत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो. परत उठवतो आणि परत खायला घालतो. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवस चालून झाल्यावर, डोंगरावर. मी ही गोष्ट वॉर्डातल्या नर्सनाही सांगते. त्यांना ती फार आवडते, कारण त्यात त्यांचं काम आहे.

आता साक्षीबद्दल.

दीड महिन्यात माइक हातात देणं ही तुमच्या मंडळीची चूक होती. प्रेमापोटी झालेली, पण चूकच. सुरुवातीच्या आठवड्यांत कित्येकांना एक भरती येते. शरीर हलकं वाटतं, झोप लागते, बायको बोलायला लागते, वाटतं जिंकलो. आमच्यात त्याला ‘गुलाबी ढग’ म्हणतात. त्या ढगावर बसून दिलेली साक्ष खरी असते, पण अर्धी असते, कारण पुढचा अर्धा भाग अजून घडलेलाच नसतो. मग एखाद्या दिवशी साइटवर पैसे बुडतात, भावाशी भांडण होतं, तलफ येते. आता ती सांगायची कुणाला? अख्ख्या मंडळीला तर त्यानं सांगून टाकलंय, ‘माझी तलफ प्रभूनं उपटून टाकली.’ तो गप्प बसतो. गप्प बसलेला माणूस तीन दिवसांत गुत्त्यावर असतो. तुमच्या नवऱ्याचा विश्वास कमी पडला नाही, त्याला खरं बोलायला जागा उरली नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते: वर्षभर माइक नाही. बोलायचं ते छोट्या खोलीत, सात-आठ जणांत, आणि त्यात ‘आज दुपारी फार वाटलं होतं’ हेसुद्धा बोलायची मुभा असेल तिथंच. एक पाळकसाहेब माझ्यावर यावरून रागावले होते. म्हणाले, ‘तुम्ही देवाचं गौरव झाकून ठेवता.’ मी म्हटलं, साहेब, वर्षभर पिकू द्या, मग वाटा.

आमच्या वसईत रोग वेगळा आहे, हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी प्रॉटेस्टंटांनाच बोलतेय. नगरकडे अमेरिकन मिशनऱ्यांनी १८३१ पासून जी मंडळी उभी केली, तिच्यात दारू म्हणजे सरळ पाप. त्यामुळे तिथला माणूस दार लावून पितो, वेलदोडा चघळत उपासनेला येतो आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागू देत नाही. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, हातात ग्लास असणं यात कुणाला काही वाटतच नाही. म्हणून व्यसन डोळ्यांसमोर असून दिसत नाही. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस कित्येक पुरुष थेंबाला शिवत नाहीत. छाती फुगवून म्हणतात, ‘बघ, सोडली की नाही? बेवडा असतो तर जमलं असतं?’ ईस्टरच्या दुपारी त्यांच्या बायका मला फोन करतात. तुमच्याकडे लाज उशीर करवते, आमच्याकडे लाज नसणं. उशीर तेवढाच.

मग विश्वासाचा उपयोग नेमका कुठं? माझं उत्तर असं की पहिल्या आठवड्यात कमी आणि त्यानंतरच्या प्रत्येक संध्याकाळी फार. डिटॉक्सनं शरीरातली दारू निघते. पण रोज सात वाजता पाय ज्या वाटेला लागायचे, ती वाट तशीच राहते. त्या वेळी जायला दुसरी जागा लागते, बोलवायला माणसं लागतात, आणि ‘मी अगदीच टाकाऊ नाही’ असं वाटायला काहीतरी कारण लागतं. हे तिन्ही चर्चकडे आहे. हॉस्पिटलकडे नाही.

ए.ए. (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस) या दारू सोडणाऱ्यांच्या गटांचा बारा पायऱ्यांचा कार्यक्रम, जो आज जगभर सगळ्या धर्मांची आणि धर्म न मानणारी माणसंही वापरतात, त्याचं मूळ यातच आहे. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा सर्जन, दोघेही दारूनं पोळलेले, एकमेकांना भेटले आणि एकमेकांशी बोलून कोरडे राहिले. दोघांचा संबंध तेव्हाच्या ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीशी आला होता. आपली चूक दुसऱ्या माणसापुढे बोलणं, ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई करणं, स्वतः सावरायला दुसऱ्याला सावरणं, हे सगळं तिथून आलं. कॅथलिक माणसाला पाचवी पायरी, म्हणजे आपली चूक दुसऱ्यापुढे बोलण्याची, समजावून सांगायला मला दोन मिनिटं लागतात, कारण पापनिवेदनाला तो लहानपणापासून गेलेला असतो. पुढे ए.ए. त्या चळवळीपासून वेगळी झाली आणि देव ‘जसा आम्हाला उमगला तसा’ असं म्हणून तिनं दार सगळ्यांना उघडं ठेवलं. आपल्या पाळकसाहेबांना कधी कधी हे खटकतं, ‘हा कुठला देव’ म्हणतात. माझं म्हणणं, ज्याला येशू उमगलाय त्याला येशूचं नाव घ्यायला तिथं कुणी अडवत नाही.

त्याच ॲक्रनमधली एक गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे. सेंट थॉमस हॉस्पिटलात सिस्टर इग्नेशिया नावाची एक संन्यासिनी ॲडमिशनच्या टेबलावर असायची. दारुड्यांना तेव्हा हॉस्पिटलं घेत नसत. १९३९ साली तिनं डॉ. बॉबच्या एका पेशंटला ‘जठराचा दाह’ असं लिहून आत घेतलं. (आपल्याकडेही अजून केसपेपरवर ‘पोटाचा त्रास’च लिहून मागतात. काही बदललेलं नाही.) पुढे तिनं हजारो जणांना सांभाळलं. घरी जाताना ती प्रत्येकाच्या हातात येशूच्या पवित्र हृदयाचं छोटंसं पदक ठेवायची आणि सांगायची, पहिला घोट घ्यायच्या आधी हे मला परत आणून द्यायचं.

ताई, यातला बारकावा बघा. तिनं शपथ घातली नाही. आपल्याकडे क्रुसावर हात ठेवून, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथा होतात. शपथ मोडली की माणूस तोंड लपवतो, कारण आता तो देवाचाही गुन्हेगार आणि मुलाचाही. पदक परत द्यायचं असेल तर त्याला तिच्या दारात यावं लागतं. आणि दारात आला की ती त्याला आत घेणार, चहा देणार, बोलतं करणार. ‘कधीच पिणार नाही’ आणि ‘प्यायच्या आधी तुझ्याकडे येईन’ यातलं दुसरं वचन माणसाला पाळता येतं. तुमच्या मंडळीकडून मला हे हवंय: नवऱ्याला एक दार, ज्यावर तो पडायच्या आधीही थाप मारू शकेल आणि पडल्यावरही.

आमच्याकडचं एक उदाहरण सांगते, ओळख पटणार नाही असं बदलून. गवंडीकाम करणारा माणूस. दोनदा डिटॉक्स, एकदा केरळात आठ दिवसांचं रिट्रीट, म्हणजे प्रार्थनेचं शिबिर, तिथून आल्यावर पाच महिने छान, मग परत धडाम. आमची मीटिंग गुरुवारी सात वाजता धर्मशिक्षणाच्या खोलीत भरते. लहान मुलांचे बुटके बाक, फळ्यावर रविवारच्या वर्गाचं काहीतरी अर्धवट पुसलेलं, कोपऱ्यात गुडघे टेकलेल्या मेंढपाळाचा हात तुटलेला नाताळातला पुतळा. मोठी माणसं त्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसतात, त्यामुळे कुणाला रुबाब करता येत नाही. हा एक फायदाच. तर या माणसाला फादरनी खोलीची चावी दिली. म्हणाले, साडेसहाला येऊन उघडायची, पंखे लावायचे, पाणी भरायचं.

घरी त्याच्यापासून सगळ्या चाव्या लपवलेल्या होत्या. कपाटाची, दुचाकीची, एटीएमचा पिनही बायकोनं बदललेला. बरोबरच केलं होतं तिनं. पण दहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या हातात चावी दिली. दुसऱ्याच महिन्यात त्यानं ती हरवली. रात्री नऊ वाजता माझ्या दारात उभा, घामाघूम, प्यायलेला नाही, रडतोय. ‘मॅडम, फादरना कसं सांगू?’ मी मनातून आनंदानं उडी मारली. दारूसाठी नाही तर चावीसाठी रडणारा माणूस मी त्याच्यात पहिल्यांदा पाहत होते. फादरनी कुलूप बदललं, नवीन चावी परत त्यालाच दिली. त्यानंतर तो एकदा घसरला, पावसाळ्यात काम नसताना. पण गुरुवारी खोली उघडायला आला, तसाच, तोंडाला वास घेऊन. कुणी हाकललं नाही. त्याला आता सहा वर्षं झाली.

कदाचित तुम्ही म्हणाल, हे चावीनं झालं की देवानं? मला हा फरक करता येत नाही आणि करायची गरजही वाटत नाही.

आता आश्रमाचं. धर्माच्या आधारानं चालणारी सगळीच केंद्रं वाईट, असं अजिबात नाही. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात १९८१ साली फादर जो परेरांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते स्वतः दारूतून बाहेर आलेले, आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. बारा पायऱ्या आणि योगासनं त्यांनी एकत्र आणली, आणि दार सगळ्या धर्मांच्या लोकांना उघडं ठेवलं. एका कॅथलिक धर्मगुरूनं पेशंटांकडून आसनं करून घेतली म्हणून कुणाचा ख्रिस्त पळून गेला नाही. तसंच पुण्याचं मुक्तांगण, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये उभं केलेलं. ते कुठल्याच धर्माचं नाही, पण तिथं राहून आलेले ख्रिस्ती लोक माझ्याकडे आहेत आणि रविवारी पहिल्या बाकावर बसतात. तेव्हा पाटीवर क्रूस आहे की नाही यावरून ठरवू नका.

तुम्हाला सुचवलेल्या आश्रमात आधी स्वतः जाऊन या, न कळवता, आणि जमलं तर जेवणाच्या वेळी. ताटात काय आहे आणि पोरं वाढणाऱ्याकडे कशी बघतात, त्यावरून मला निम्मं कळतं. मग विचारा: पहिल्या आठवड्यात त्रास झाला तर डॉक्टर कोण, किती लांब, रात्री गाडी आहे का? आधीच्या गोळ्या चालू ठेवता का? ‘गोळ्या लागत नाहीत’ असं अभिमानानं सांगितलं तर उठा आणि घरी या. सरकारी नोंदणी आहे का, कागद दाखवा म्हणा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेले मानसिक विकारही येतात, अशा संस्थांना नोंदणी लागते, आणि माणसाला साखळीनं बांधायला त्यात साफ बंदी आहे. घरून फोन करता येतो का, भेटता येतं का? रात्री गाडी पाठवून ‘उचलून नेतो’ म्हणणाऱ्यांना तर उभंही करू नका. असा उचलून नेलेला माणूस सहा महिने कोरडा राहतो आणि बाहेर आल्यावर पहिला पेग तुमच्यावरच्या रागानं घेतो. शेवटचा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारते: ‘इथून गेल्यावर पुढं काय?’ बऱ्याच ठिकाणी यावर शांतता असते. सहा महिने आत ठेवणं सोपं आहे, सातवा महिना अवघड.

इथवरचं एका दमात: आधी डॉक्टरांकडे आठवडा-दहा दिवस, मग चांगलं केंद्र मिळालं तर केंद्र, नाहीतर घरी राहून औषध आणि मीटिंग, आणि पहिल्या दिवसापासून मंडळीतली दोन-तीन शहाणी माणसं सोबतीला. एकाच्या जागी दुसरं नाही, एकापाठोपाठ एक.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेक डॉक्टर सांगायचं विसरतात कारण ते ख्रिस्ती नसतात. काही जणांना डायसल्फिराम नावाची गोळी देतात. ती चालू असताना दारूचा थोडा अंश पोटात गेला तरी चेहरा लाल होतो, धडधडतं, उलट्या होतात, कधी प्रकरण गंभीर होतं. ती चालू असेल तर प्रभुभोजनाच्या पेल्यात काय असतं ते पाळकसाहेबांना आधी विचारा. बऱ्याच मंडळ्यांत द्राक्षांचा किंवा मनुकांचा साधा रस असतो, मग अडचण नाही. खरा द्राक्षारस असेल तर वेगळा पेला मागा, यात लाजायचं काही नाही. आम्हा कॅथलिकांना नुसती भाकर घेतली तरी पूर्ण ख्रिस्तप्रसाद मिळतो. आणि दारूचा त्रास असलेल्या धर्मगुरूंनासुद्धा बिशपांच्या परवानगीनं न आंबवलेला रस वापरता येतो, म्हणजे चर्चनंही हा विचार केलेला आहे. गोळी चालू नसली तरी त्या एका घोटापासून त्याला लांबच ठेवा. खोकल्याची काही औषधं आणि आसव-अरिष्टं यांतही मद्यार्क असतो, तेही बघा. आणि ही गोळी त्याला न सांगता चहात कधीही घालायची नाही. ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ या जाहिराती बघून बायका पुड्या मागवतात. नकळत दिलेल्या औषधावर तो पिऊन आला तर जीव जाऊ शकतो. वाचला तर तुमच्या हातचं पाणीही घेणार नाही.

आता तुमच्याबद्दल. अख्ख्या प्रश्नात तुम्ही स्वतःविषयी एक ओळही लिहिली नाही, फक्त ‘मी उपास करते’ एवढंच. आठवड्यातून तीन. साहेबाला ‘ताप आलाय’ म्हणून फोन कोण करतं? दुकानाची उधारी कोण भागवतं? हे झाकणं थांबवा. प्रेम कमी करा असं म्हणत नाही. पण दारूनं केलेला खर्च दारू पिणाऱ्याला दिसू द्या. ए.ए.सारखाच घरच्यांचा गट असतो, अल-ॲनॉन. बिल विल्सनच्या बायकोनं, लोइसनं, १९५१ साली तो उभा केला, कारण नवरा कोरडा झाल्यावरही आपला राग कोरडा झाला नाही हे तिला कळलं होतं. नगरला गट नसेल तर फोनवरच्या आणि ऑनलाइन मीटिंगा असतात.

आणि तो हात उगारत असेल तर वर लिहिलेला सगळा क्रम बाजूला ठेवा. आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी. महिलांसाठी १८१, तातडीला ११२. मंडळीतल्या वडीलधाऱ्या बायका म्हणतील, ‘हा तुझा क्रूस आहे, वाहा.’ क्रूस ख्रिस्तानं स्वतःहून उचलला होता. नवऱ्याचा मार हा क्रूस नाही, तो गुन्हा आहे, आणि तो प्यायलेला होता म्हणून कमी होत नाही.

रविवारचं कसं करायचं? त्याला इतक्यात उपासनेला ओढू नका. पाळकसाहेबांना एकट्यानं घरी बोलवा, बायबल न घेता, जेवायला. त्यांना माझं हे उत्तर हवं तर दाखवा. सांगा की माइकवरून जे झालं ते झालं, आता त्यांनी त्याला एवढंच म्हणावं: ‘परत प्यायलास तरी मला फोन कर, मी येईन.’ आणि मग खरंच जावं, रात्री अकरा वाजतासुद्धा. पाळकसाहेब हे करायला तयार नसतील तर मंडळीत एखादा जुना, आता न पिणारा माणूस असतोच, फक्त बोलत नाही. त्याला शोधा. तो पाळकसाहेबांपेक्षा बरा.

आशेविषयी तुम्ही शेवटी विचारलंय. ज्यांचं आज बरं चाललंय अशी माझ्याकडची बहुतेक माणसं पहिल्या फेरीत सावरलेली नाहीत. तुमच्या नवऱ्यानं जवळजवळ चार महिने काढले, त्यांतले शंभर दिवस तरी खोटे नव्हते. त्या दिवसांत त्याला कशानं मदत झाली, हे तो कोरडा असताना त्याला विचारा. बायको म्हणून नाही, शिकायचंय म्हणून. उत्तर तुम्हाला वाटतं त्याहून साधं असेल. एकानं मला सांगितलं होतं, ‘सभेनंतर मला सतरंज्या गोळा करायला सांगायचे.’

नशामुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, मन फारच खचलं तर टेलि-मानस १४४१६. दोन्हीकडे मराठीत बोला, संकोच नको.

आणि मला एवढं कळवा: शेवटचा घोट कधी घेतला, सकाळी हात थरथरतात का, आणि आधी कधी फिट आली होती का. तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर उत्तर लिहीत बसू नका, आधी गाडी बघा.